एम.डी. होण्याचे सोपे मार्ग

३ जून
कॉलेज सोडलं म्हणजे डॉक्टरकी सोडली असं नव्हे. ॲनाटॉमीच्या सरांनी सगळ्यांदेखत 'बाहेर जाऊन बस' म्हटलं. स्वाभिमानी माणूस परत आत जाईल? मुडदा बघून मला चक्कर आली ही अफवा. उपाशी होतो. तूर्त मामाच्या मेडिकल स्टोअरमध्ये. तात्पुरता.

५ जून
शोध लागला! इथे आधी एमबीबीएस, मग एम.डी. काही देशांत पहिलीच डिग्री एम.डी.! वर्गातल्या माझ्या मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, नाव काही असो, शिकायचं तेच ना? सरांना एकदा भेट, अजून परत घेतील. घरचे माझ्यासाठी स्थळं बघतायत, लवकर काय ते ठरव.
जळते माझ्यावर. स्वाभाविक आहे.

९ जून
अमेरिका : आधी दुसरी पदवी, मग चार वर्षं मेडिकल. तोवर तिची पोरं शाळेत. रद्द.
ब्रिटन : पाच वर्षं, आणि हातात पुन्हा एमबीबीएसच. रद्द.
रशिया : सहा वर्षं, वर भाषा शिका. मुडदा कुठल्याही भाषेत मुडदाच. रद्द.

१० जून
मामाने विचारलं, एवढे देश पालथे घालून नक्की काय शोधतोयस? म्हटलं, दर्जा. तो म्हणाला, मग तो सापडेपर्यंत खोकल्याच्या बाटल्या लाव. रागारागात लावल्या. दोन फुटल्या.

१४ जून
सापडलं! एका कॉलेजात सगळं डिसेक्शन पडद्यावर. मुडदा नाही!!
संध्याकाळी पुढचं वाचलं. तिसऱ्या वर्षापासून ऑपरेशन थिएटर. जिवंत माणसं. म्हणजे वाहतं रक्त.
दर्जा नाही.

२० जून
ती दुकानात आली. म्हणाली, सरांशी बोललेय, आत्ता चल माझ्याबरोबर. मी बाणेदारपणे नाही म्हणणार, तोच मामाचं बोट शटरमध्ये सापडलं. संधी! कापूस घेऊन धावलो.
पुढचं मामाकडून कळलं. शुद्धीवर आलो तेव्हा मी खोक्यांवर आडवा, पाय वर. मामाच्या बोटाला बँडेज.
तिने विचारलं, जेवला होतास?
हो म्हणालो. तोंडातून निघून गेलं.
तिने माझ्या मुठीतला कापूस काढून घेतला. मग म्हणाली, सरांना नको भेटूस. एवढंच. आणि गेली.

२१ जून
फोन नाही.
औषध न्यायला आलेल्या काकू मला 'डॉक्टर' म्हणाल्या. मी जरा ताठ बसलो. मामा आतून म्हणाला, डॉक्टर नाही हो, एम.डी. आहे तो. मामाचं दुकान.