ज्योतीपाशी, गरुड परतताना

चैत्र शु. १
आजपासून देवीच्या डोंगरावर, देवळात. नऊ दिवस अखंड ज्योती राखायच्या. चूक माझीच. गावच्या बैठकीत नामदेव म्हणाला, "भाऊ, तुमी तं असेही चैतात दुर्बीण घेऊन डोंगरावरच राह्यता. यंदा ज्योतीपाशी तुमीच बसा." लगेच हो म्हटलं. मनात गरुड होते. थंडीभर खाली शेतांवर राहिलेले मोठे गरुड याच दिवसांत डोंगरावरून उत्तरेला परततात. सेवाही होईल, पाहणंही. वाऱ्यानं ज्योती विझतील, हा विचारच केला नाही. दार बंद करून बसलो आहे.

शु. २
घरोघरच्या समया ओळीनं. शेवटची आमची, पोरीच्या बाळंतपणासाठी. मागच्या खेपेला मूल राहिलं नाही. नागपूरला सासरी आहे, दिवस भरले.
बसलेल्यानं पहाटे आंघोळीपुरतं उठायचं, तेवढा वेळ पुजारीबुवा बसतात. पहाटे आभाळ रिकामं. गरुड ऊन तापल्यावर उठतात.

शु. ४
तेल. धूर. गुडघे. बाहेर पळसावर भोरड्यांचा गलका, त्याही निघायच्या बेतात. दाराच्या फटीतून करंगळीएवढं आभाळ दिसतं. दुपारी त्यातून एक गरुड गेला. की घार? शेपूट दिसण्याआधी आभाळच संपलं. जप चुकला. पुन्हा पहिल्या मण्यापासून.

शु. ५
नामदेव नारळ घेऊन आला. दार उघडून तिथूनच ओरडला, "काय पाखरं चालले बाप्पा! चकरा घेऊन राहिले वर. तुमाले दिसून राहिले का नाही, भाऊ?"
"दार लाव आधी."
हसत गेला. आई, त्याच्यावर राग नाही. तुझ्यावर तर

शु. ७
पोरीला दवाखान्यात नेलं. जावयांचा फोन. त्यानंतर काही नाही. दिवसभर वारा. दाराला पाठ लावून बसलो.

शु. ८
दुपारी बायको चढून आली. नागपूरची काही खबर नाही. म्हणाली, "तोंड पाहा कसं झालं! जा, पाहून या तुमचे गरुड. मी बसतो."
"उठायचं नसते."
"देवी काय पोलीस हाय का? संकल्प दोघांचा हाय न."
दार जेमतेम उघडून निसटलो. उन्हानं डोळे मिटले. मग दिसले. एकावर एक, संथ घिरट्या, सगळ्यात वरचे ठिपक्याएवढे. तिथून पंख न हलवता उत्तरेला सरकत होते. किती वेळ उभा होतो, कोण जाणे. दुर्बीण आतच राहिली होती. मागे वाऱ्यानं दार आपटलं.
आत विझल्या वातीचा वास. ज्योती सगळ्या जळत होत्या. बायकोचे दोन्ही हात शेवटच्या समईभोवती आडोशाला.
"दिसले का?"
"दिसले."
तिनं वर पाहिलं नाही. मी विचारलं नाही. संध्याकाळ झाली, ती खाली गेली नाही. फोन दोघांच्या मध्ये ठेवला आहे.