कार्यालयाच्या छतातलं उदमांजर

अण्णा, तुम्ही गेल्यावर गिरणी बंद पडली आणि त्या जागेवर मी आणि धाकट्या भावानं मंगल कार्यालय बांधलं. मिरजगाव सोडून हायवेला लागलं की लगेच दिसतं. आज हॉल रिकामा आहे, खुर्च्या एकात एक रचून ठेवल्यात आणि मी ऑफिसात बसून तुम्हाला लिहितेय. या लग्नसराईत आपल्याकडे पुन्हा उदमांजर आलं होतं, आणि ते तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगण्यात अर्थ नाही.

आधी नवरीच्या खोलीत वास आला, आंबेमोहोर शिजत असल्यासारखा. मला वाटलं आचाऱ्यानं भात टाकला, पण भट्टी गारच होती; तो वास उदमांजराचा होता. मग पीओपीच्या छताला पिवळा डाग पडला आणि तिन्हीसांजेला वर कुणीतरी चालायला लागलं. धाकट्यानं औषध मारणारा माणूस बोलावला. त्यानं वर बघून सांगितलं, "केळात औषध घालून ठेवतो. विषय संपला." लग्न तोंडावर आलेलं, धाकटा लगेच हो म्हणाला. मी मात्र स्टुलावर चढून छताला कान लावला. आत बारीक आवाज होता, एकाचा नव्हे, दोघातिघांचा.

तो आवाज मी आधी ऐकला होता. मी चौथीत होते. कडुनिंबाच्या फांदीवरून ते जनावर गिरणीच्या पत्र्याखाली यायचं आणि लोकांच्या गव्हाच्या डब्यांवर घाण करायचं. गिऱ्हाइकं बोलायला लागली तसे तुम्ही चिडलात. तुमच्या रागाला घरात उत्तर नव्हतं. तुम्ही तिन्हीसांजेला दबा धरून बसलात, ते बाहेर पडल्याबरोबर शिडी लावलीत आणि पत्र्याखालचं भोक सिमेंटनं लिंपून टाकलंत. खाली उतरून हात धुतलेत, खूश होतात. दुसऱ्या दिवशी दळण संपवून तुम्ही मोटार बंद केली आणि वरून ते चिरकणं ऐकू आलं. आई म्हणाली, "पिल्लं आत ऱ्हायली तिची." संध्याकाळी आपण जेवायला बसलो आणि गिरणीच्या पत्र्यावर नखांचा आवाज सुरू झाला. ती सिमेंट खरवडत होती. तुम्ही दोन घास खाल्लेत, मग भाकरी ताटात ठेवून उठलात आणि छन्नी-हातोडी घेऊन शिडीवर चढलात. शेजारचे हसत बाहेर आले. "काल लावलं न् आज फोडताय व्हय?" तुम्ही वळून न बघता म्हणालात, "शिमेट माझं हाय. लाविन न्हाईतर फोडिन."

त्यानंतर पिल्लं मोठी होईपर्यंत लोकांचे डबे आपल्या घरात आले, आम्ही त्यांच्यामध्ये वाट काढून झोपायचो. एक दिवस वर सामसूम झाली, तेव्हा तुम्ही आधी फांदी छाटलीत आणि मग जाळी ठोकलीत. मी विचारलं, "अण्णा, तुम्हाला दया आली का?" तुम्ही माझ्यावरच खेकसलात. "दया कसली? काम अर्धं केलं हुतं मी. आत कोन हाय ते न बघता भोक बुजवायचं नसतं."

तेच वाक्य मी औषधवाल्याला ऐकवलं आणि त्याला परत पाठवलं. धाकटा दिवसभर माझ्यावर धुसफुसत होता. मी वनखात्याच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, मारणं तर गुन्हाच आहे. पिल्लं असताना भोकही बुजवू नका. दिवसा वर दिवा लावा, रेडिओ लावा, भट्टीचं खरकटं झाकून ठेवा. तिला जागा नकोशी झाली की ती आपणच पिल्लं हलवेल. सगळं केलं. ती काही हलली नाही. शेवटी नवरीच्या वडिलांना बोलावून खरं काय ते सांगितलं. जामखेडकडचा, फार न बोलणारा माणूस. "पोरीच्या डोक्यावर जनावर? असं चालत न्हाई बाई. दुसरं कार्यालय बघावं लागंल," म्हणाले आणि उठले. धाकट्यानं माझ्याकडे पाहिलं. मी एवढंच म्हणाले, "वर पिल्लं आहेत, काका. एकदा येऊन ऐका." ते खोलीत आले, टोपी काढून मान वर करून ऐकत राहिले. मग विचारलं, "डोळं उघडल्यात का त्यांचं?" मी म्हटलं, ठाऊक नाही. "मंग ऱ्हाऊ द्या. पोरगी तुमच्या हापिसात नटंल."

पोरगी याच टेबलाला आरसा टेकवून नटली. बँड नवरीच्या खोलीशेजारीच वाजला, आणि रेडिओनं झालं नाही ते बँडनं केलं. वऱ्हाड निघून गेलं, अंधार पडत होता, तेव्हा ती कंपाउंडच्या भिंतीवर दिसली, तोंडात पिल्लू धरलेली. चिंचेच्या झाडाकडे गेली, परत आली, दुसरं नेलं. पुढं कुणी आतबाहेर करतंय का ते कळावं म्हणून आम्ही भोकात वर्तमानपत्राचा बोळा कोंबून ठेवला. तो काही दिवस जागचा हलला नाही, तेव्हा धाकट्यानं स्वतः जाळी बसवली आणि चिंचेची छताकडे आलेली फांदी छाटली. काम नीट केलं.

गोष्ट मात्र पसरली. आता कुणाच्या माळ्यावर खुडबुड झाली की मला फोन येतो. ताईंना मुक्या जनावरांची लई माया, असं लोक म्हणतात, आणि मी म्हणू देते. हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून लिहिते. मला माया वगैरे काही नाही, अण्णा. दुसरं पिल्लू नेताना ती भिंतीवर थांबली, वळून तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी इतकी घाबरले की ऑफिसात पळत येऊन आतून कडी लावली. तिसरं होतं की नाही, ते मी पाहिलेलं नाही. बोळा हलला नाही, त्यावरून आत कुणी उरलं नव्हतं असं आपलं समजायचं.