बसणारीचं मत

रायपूर,
२६ जुलै २०२३

ती. बाबांना,

मंजूचा शिरसाष्टांग नमस्कार. आईलाही सांगा. इकडे सगळं ठीक आहे, तुमच्याकडेही तसंच असो, असं तुम्ही दर पत्रात लिहिता म्हणून मीही लिहून टाकते.

तुमचं पत्र मिळालं. दोन गाड्यांचं केवढं प्रकरण केलंत तुम्ही! रेल्वेतून रिटायर झालात, पण तपासणीची खोड गेली नाही. डिकी केवढी, एअरबॅगा किती, चढावर दम किती, खड्ड्यात पोट घासेल का. मुलगी बघायला आलेले लोकसुद्धा इतकं विचारत नाहीत. भार्गवला वाचून दाखवलं. "असा सासरा नशिबानं मिळतो," म्हणाला. अधिक महिन्यात लोक जावयाला अनारसे आणि चांदीची वाटी वाण देतात. तुम्ही गाडीचं बुकिंग भरायला निघालात, मग तो खूश होणारच.

शेवटी तुम्ही लिहिलंय, "चालवणारा काही म्हणो, बसणारी तू आहेस. तं कोणती घ्याची, तूच सांग." म्हणून सांगते.

रविवारी दोन्ही चालवून पाहिल्या. एक लाल होती, एक करडी, तर तीच नावं ठेवू. सेल्समन आम्हाला नव्या रायपूरला घेऊन गेला. तिकडचे रस्ते तुम्ही मागच्या वर्षी पाहिलेत. रुंद, गुळगुळीत, आणि सुट्टीच्या दिवशी माणूस औषधालाही नाही. भार्गवनं दोन्ही गाड्या अशा चालवल्या की पोटातलं पाणी हलू नये. सेल्समन म्हणाला, "सर की ड्राइविंग तो एकदम मक्खन है." तुम्हीही हेच म्हणता.

लाल उंच आहे. काचेचं छत उघडतं, समोर भलामोठा पडदा आहे, आणि पाय टाकला की लगेच पळते. करडी जरा सुस्त. तिची मागची सीट ऐसपैस आहे. देवश्रीनं तुमच्यासारखीच तपासणी केली. दोन्ही गाड्यांत मागे चढली आणि सीटवर न बसता खाली, पाय ठेवतो तिथे उतरून बसली. मग सेल्समनला सांगते, "अंकल, ये ग्रे वाली में नीचे जगह ज्यादा है. ये वाली लेंगे." तो बिचारा हसला. सहा वर्षांची पोर, खेळत असेल, असं त्याला वाटलं. मीही हसले.

मग मी विचारलं, चालत्या गाडीत आतून दार उघडतं का? तो म्हणाला, लाल गाडीत वेग घेतला की सगळी दारं आपोआप लॉक होतात, आणि मागच्या दाराला मुलांसाठी वेगळं लॉक आहे. सेफ्टी आहे मॅडम. भार्गव म्हणाला, "भैया, इनको चलती गाड़ी से कूदना है." सगळे हसले. भार्गवनं एकच प्रश्न विचारला. गाडी फार जोरात गेली की नव्या गाड्यांत टीं टीं वाजत राहतं, ते बंद करता येतं का. सेल्समन नाही म्हणाला.

मधली सुट्टी संपली. उरलेलं नंतर लिहिते.

—

आता शाळा सुटलीय. देवश्री बाहेर घसरगुंडीवर आहे आणि मी रिकाम्या वर्गात बसलेय. बाबा, मघाचं पत्र वाचून पाहिलं आणि माझीच मला लाज वाटली. तुम्ही सरळ विचारलंत आणि मी छत आणि सीट सांगत बसले. हे पत्र मी शाळेत लिहितेय, कारण घरी लिहिता येत नाही. तुम्ही फोनवर "कशी आहेस" विचारता तेव्हा फोन स्पीकरवर असतो. म्हणून मी दर वेळी "मजेत" म्हणते.

रविवारचं उरलेलं ऐका. सेल्समननं मला विचारलं, "मॅडम को कौन सी पसंद आई?" मी करडी म्हटलं. भार्गवला लाल हवी होती हे मला ठाऊक होतं, तरी तोंडून निघून गेलं. तो हसून म्हणाला, "मॅडम बोलेंगी वही आएगी."

तिथून आमच्या जुन्या गाडीत बसलो. घराकडे वळायचं तिथे तो वळला नाही. पुन्हा नव्या रायपूरच्या रस्त्याला लागला. मी विचारलं, कुठे चाललोय? तो नुसता वेग वाढवत गेला. गाडीचा पत्रा थडथडायला लागला. मग शांत आवाजात म्हणाला, "आता सांग, कोणती चांगली आहे?" मी म्हटलं लाल. "नाही, नीट सांग." लाल, लाल, लाल. समोर एक गाय रस्ता ओलांडत होती. त्यानं ब्रेक लावला नाही, गाडी बाजूनं काढली. तिचं शेपूट माझ्या काचेला लागलं.

मागे पाहिलं तर देवश्री सीटवर नव्हती. खाली बसली होती, गुडघ्यांत डोकं घालून, दोन्ही कानांवर हात. ती नेहमी तशीच बसते. मी शिकवलं नाही, तिचं तिनंच शोधून काढलं. शोरूममध्ये ती तीच जागा मोजत होती, बाबा.

हे काही पहिल्यांदा झालं नाही. घरात तो आवाज चढवत नाही, हात उगारत नाही. काही मनाविरुद्ध झालं की म्हणतो, "चल, चक्कर मारून येऊ." मी नाही म्हटलं तर देवश्रीला उचलतो आणि गाडीत बसवतो. मग मला जावंच लागतं. जूनमध्ये भनपुरीच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी दार उघडायला गेले. त्यानं लॉक दाबलं. सिग्नल सुटल्यावर दोन ट्रकांच्या मधून अशी काढली की दोन्हीकडचे आरसे मिटले. घरी आल्यावर स्वतः चहा करून दिला.

अंगावर एक वळ नाही, बाबा, मी कुणाला काय दाखवू? सासूबाईंना सांगून पाहिलं. म्हणाल्या, "काहून एवढी घाबरून राहिली तू? पोट्टं लहानपणापासून गाडी चालवते. एक ओरखडा नाही आजवर." दिवाळीला आईला थोडं सांगितलं होतं. ती म्हणाली, पुरुष गाडी जरा जोरात हाणतातच, तू डोळे मिटून रामरक्षा म्हणत जा. तिला बोलू नका. मीच हसत हसत सांगितलं होतं.

तर बसणारीचं मत असं आहे. मला दोन्हीत बसायचं नाही. तुम्ही वाण देऊ नका. काहीही कारण सांगा, पण ती लाल गाडी त्याच्या हातात देऊ नका. जुनी निदान थडथडते, म्हणून तो कुठेतरी थांबतो. ती गुळगुळीत गाडी कुठे थांबेल मला कळत नाही. रात्रंदिवस तेच डोळ्यांपुढे येतं. वर्गात फळ्यावर लिहितानासुद्धा येतं.

सहा तारखेला तुम्ही धोंड्याच्या जेवणाला बोलावलंय. तो सगळ्यांना सांगत सुटलाय की नवी गाडी आली की रायपूर ते नागपूर तीन तासांत मारणार. परवा जेवताना देवश्रीला म्हणाला, "देखना बेटा, आजोबांच्या रेल्वेचा पण रेकॉर्ड तोडू." ती जेवायची थांबली. त्या रस्त्यावर आम्ही दोघी त्याच्या गाडीत बसलो, तर नागपूरला पोचू असं मला वाटत नाही. हे उगाच घाबरून लिहीत नाही. घाबरले आहे, पण उगाच नाही.

म्हणून आधीच या. येत्या मंगळवारी सकाळच्या गाडीनं निघा. फोनवर एवढंच सांगा की आईला अनारशांना आणि पुरणाला हात हवाय, म्हणून पोरीला आणि नातीला चार-पाच दिवस आधी न्यायला येतोय, जावईबापूंनी मागून यावं. धोंड्याला माहेरवाशीण आधी जातेच, त्यात कुणाला वावगं वाटायचं नाही. मी एकटी निघाले तर "मी सोडतो" म्हणेल. तुमच्यापुढे नाही म्हणणार नाही. या पत्राला उत्तर पाठवू नका. देवश्रीचा शाळेचा दाखला मी हळूच काढून ठेवते. पुढचं नागपूरला बोलू.

एक अजून. तो तुम्हाला घ्यायला स्टेशनवर येईल. पाया पडेल, बॅग घेईल, आणि साठच्या वर एकदाही न जाता तुम्हाला घरी आणेल. रस्त्यात म्हाताऱ्या माणसाला हात दाखवून आधी जाऊ देईल. तुमच्या मनात येईल, पोरगी काहीतरीच लिहिते. मलाही कधीकधी तसंच वाटतं, तो चहा करून देतो तेव्हा.

तुमचा विश्वास बसला नाही तरी या, बाबा. विश्वास नंतर ठेवा. आधी आम्हाला रेल्वेत बसवा.

तुमची,
घाबरलेली
मंजू