गंगाईची पदं

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
आजही काही नाही! मठातली शेवटची पेटी उघडली. चार पोथ्या, वाळवी, एक मेलेली पाल. गंगाईचं नाव कुठेच नाही.
अभ्यासरजेचे आठ महिने संपले. गंगाई म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीची लिंगायत कवयित्री, असं मी लेखात ठोकून दिलं होतं. आधार काय, तर तलवाड्याच्या महिला भजनी मंडळातल्या नीलम्मांना तोंडपाठ असलेली बेचाळीस पदं. प्रत्येक पदाच्या शेवटी ‘गंगाई म्हणे’. मंडळ दर सोमवारी हीच पदं म्हणतं. नीलम्मा एक्क्याऐंशीच्या. त्यांच्यानंतर मी कुणाला विचारणार?

१२ फेब्रुवारी
कॉलेजातून फोन. परीक्षेला माणूस कमी आहे, तुम्ही मोकळ्याच आहात ना! नवऱ्यालाही, रुद्रेशलाही तसंच वाटतं. ऑफिसला निघताना म्हणाला, घरीच आहेस तर तेवढं सिलिंडरचं बघ.
पाच ओळी लिहिल्या. पाचही खोडल्या.

१८ फेब्रुवारी
सव्विसाव्या पदात ‘लाईट गेली देहाची’ अशी ओळ आहे. तीनशे वर्षांपूर्वी लाईट! मग तीन पानांची टीप लिहिली – हा उत्तरकालीन प्रक्षेप, म्हणजे नंतर कुणीतरी घुसडलेला शब्द, मूळ शब्द ‘ज्योत’ असावा. बरी झाली आहे. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

३ मार्च, सोमवार
संपलं सगळं.
भजनाआधी नीलम्मांच्या ओसरीवर बसून ती टीप त्यांना सोप्या भाषेत सांगितली. त्या हसायला लागल्या. पदराने डोळे पुसत हसत राहिल्या. मग आत सुनेची चाहूल घेतली आणि हळू आवाजात म्हणाल्या, “प्रक्षेप न्हाई न काही न्हाई. आमच्याकडं तवा लाईट लई जायची. म्याच जुळवलंय ते.”
आणि बाकीची?
“समदी माजीच की.”
गंगाई ही त्यांची आजेसासू. तिने आयुष्यात एक ओळ रचली नाही. पण मंडळात जुन्या माणसांचीच पदं चालतात. नीलम्मा तेव्हा नवी सून, तिने स्वतःचं पद म्हटलं असतं तर बायकांनी टाळ खाली ठेवले असते. म्हणून शेवटी नाव गंगाईचं. साठ वर्षं!
मी चहा न घेता उठले.

४ मार्च
दिवसभर पडून. माझ्यासारखी मूर्ख बाई अख्ख्या बीड जिल्ह्यात नसेल. ‘अठराव्या शतकातली शब्दकळा’ असं मी छापून आणलंय. कुणाला तोंड दाखवू?

१० मार्च, सोमवार
पुन्हा गेले. खरं नाव छापू का, विचारलं. नीलम्मांनी माझा हात धरला.
“नका बाई. माजं नाव कळलं की पदं बंद पडतेल. मंग म्या सोमवारी म्हनू काय?”
बरं, म्हणाले. शब्द दिला.

२९ मार्च
अभ्यासरजेचा अहवाल कॉलेजात पाठवला. नाव नीलम्मांचं घातलं.
खोट्यावर सही कशी करायची, हे कारण खरंच आहे. पण जिवंत कवयित्री सापडली म्हटल्यावर माझा तो चुकलेला लेखही झाकला जाणार, हेही आहे. कोणतं कारण मोठं, ते स्वतःला विचारायची हिंमत नाही. अहवाल कपाटात पडून राहील, तलवाड्यात कोण वाचतंय, अशी समजूत घातली.

१६ एप्रिल
विभागप्रमुखांनी उत्साहाने पेपरवाल्यांना सांगितलं. आज जिल्हा पानावर ठळक मथळा, नीलम्मांचा फोटो. मीच दिलेला फोटो, अहवालातला! सकाळपासून अभिनंदनाचे फोन. रुद्रेशने पेढे आणले. मी माझा पेढा परत डब्यात ठेवला.
नीलम्मांचा फोन नाही. मीही केला नाही.

२१ एप्रिल, सोमवार
तलवाड्याला गेले. देवळात भजन सुरू झालेलं. बेचाळिसातलं एकही पद झालं नाही. मंडळाच्या सत्यशीलाकाकूंनी छापील पुस्तक आणलंय, त्यातलीच म्हणतात आता. नीलम्मांना ती पाठ नाहीत, वाचता येत नाही. टाळ मांडीवर ठेवून गप्प बसल्या होत्या. मला पाहून थोड्या सरकल्या, शेजारी जागा केली.