कॉम्प्युटरच्या आतले बाबा

३ फेब्रुवारी, संध्याकाळ
साप्ताहिक सुट्टी. बाबांच्या खोलीतून ‘टिंग’ असा आवाज आला. बाबा जाऊन महिना होत आला, खोलीत कोणीही नाही. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, ह्यांची चाल आली वाटतं. अंगावर काटा आला. थंडी आहे.
आत गेलो. बाबांचा कॉम्प्युटर चालूच. बंद करायचं कुणाला सुचलंच नव्हतं. स्क्रीनवर बुद्धिबळाचा अर्धवट डाव आणि खाली ‘तिरका उंट’ नावाच्या कुणाचा तरी निरोप: गुरुजी, तुमची चाल.
आई म्हणते, हे रोज वाजतं, तू दुकानात असतोस.
निष्कर्ष: व्हायरस. गेलेल्या माणसाला खेळायला कोण बोलावतं?
निश्चय: शास्त्रशुद्ध छडा लावणे. प्रश्न भावनेचा नाही, सुरक्षेचा आहे.

५ फेब्रुवारी
मेव्हण्याला फोन केला. तो सॉफ्टवेअर कंपनीत आहे. म्हणाला, दाजी, तो साधा ऑनलाइन गेम आहे, समोरच्याला कळवून टाका की बाबा गेले. मी म्हटलं, आणि तो हॅकर असला तर? घरात कर्ता माणूस उरला नाही, हे त्याला आयतंच कळेल. बायको बाजूलाच होती. म्हणाली, तुम्ही आहात ना? मुद्दा तो नाही.
तरी कळवायला बसलो. ‘बाबा’ एवढं टाइप केलं. पुढे बोटं चालेनात. कीबोर्ड फार जुना आहे.

८ फेब्रुवारी
उपाय सापडला! व्हर्च्युअल मशीन. म्हणजे खऱ्या कॉम्प्युटरच्या आत एक खोटा कॉम्प्युटर. काय घाण यायची ती त्यात येते आणि तिथेच मरते. बाहेरच्याला ओरखडाही नाही.
बायकोला समजावून सांगितलं. म्हणाली, म्हणजे तुमच्यासारखंच, आत काय चाललंय ते बाहेर काही कळत नाही. तिला तांत्रिक विषयात गती नाही.

१० फेब्रुवारी
अख्खी सुट्टी इन्स्टॉल करण्यात गेली. अँटिव्हायरस सारखा आडवा येत होता, तेवढ्यापुरता बंद केला. बाबांच्या खुर्चीत बसलो नाही, ती पाठीला वाईट. स्टूल घेतलं.
सापळा असा: खोट्या कॉम्प्युटरमधून बाबांच्या नावाने लॉगिन करायचं, खेळायचं आणि हॅकरला बोलतं करायचं. एक प्यादं सरकवलं. लगेच टिंग. ‘बरं वाटलं, गुरुजी. तब्येत कशी आहे?’
लिहिलं, उत्तम.

१७ फेब्रुवारी
सुरक्षा वाढवली. खोट्या कॉम्प्युटरच्या आत आता एक सँडबॉक्सही. तो बंद केला की आतलं सगळं आपोआप पुसलं जातं. मशीन जरा मंदावलंय. आईला व्हिडिओ कॉलवर मावशीचा चेहरा तुकड्यातुकड्याने दिसतो. आधी नाक येतं. थोडी कळ सगळ्यांनीच सोसायला हवी.
आज तिरक्या उंटाने विचारलं, वहिनींची टाच आता कशी आहे?
आईची टाच दुखते? आईला विचारलं. म्हणाली, वर्ष झालं की रे.
हॅकरने केवढी खोलवरची माहिती काढलीय!

२५ फेब्रुवारी
वजीर गेला. घाबरलो नाही. व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट घेऊन ठेवला होता. एक क्लिक केलं की सगळं होतं तसं. क्लिक केलं. मशीन बिनचूक कालच्या दिवसावर गेलं. वजीर मात्र आला नाही.
मेव्हणा म्हणाला, दाजी, डाव त्यांच्या सर्व्हरवर असतो. तुम्ही मागे गेलात, डाव कसा मागे जाईल?
आज दुकानात लक्ष लागलं नाही. एका गिऱ्हाइकाला चष्म्याचा नंबर सांगताना दोनदा चुकलो. बाबा दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी ह्याच खोलीत कुणाला तरी हरवून केवढ्यांदा हसले होते. त्या दिवसाचा स्नॅपशॉट कुणी घेऊन ठेवला असता तर.
हा निव्वळ तांत्रिक विचार आहे.

१ मार्च
मोहरा उचलला की पाठीमागे कुणीतरी चुकचुकतं. बाबा असेच चुकचुकायचे. झटकन वळलो. दारात आई उभी. म्हणाली, मी कशाला चुकचुकू? घोडा पुढे घेतला. पुन्हा चुक्.
दिवे जास्त पॉवरचे लावायला हवेत.

४ मार्च
पुरे झालं. खडसावून लिहिलं: तुम्ही कोण आहात ते खरं सांगा, नाहीतर तक्रार करीन.
मग टिंग.
‘मी निवृत्त पोस्टमन. तुम्ही गुरुजींचे चिरंजीव ना? पहिल्याच चालीला ओळखलं. गुरुजी मेले तरी ते प्यादं हलवायचे नाहीत. माफ करा, तोंडात बसलंय. ते गेल्याचं वहिनींनी तेव्हाच फोन करून सांगितलं होतं. मी खेळ बंदच करणार होतो. त्या म्हणाल्या, घर फार गप्प झालंय, तेवढी टिंग वाजत राहू दे. म्हणून रोज निरोप टाकत राहिलो. आणि एक दिवस समोरून चाल आली. तब्येत विचारत होतो, ती तुमचीच.’
डोळ्यांतून पाणी यायला लागलं. स्क्रीनचा ब्राइटनेस नको तितका ठेवलाय.
सवयीने सँडबॉक्स बंद केला. आतलं सगळं पुसलं जातं म्हणतात. मला शब्द न् शब्द पाठ आहे.
बाहेर आई भाजी निवडत बसली होती. तिच्याशेजारी बसलो. टाच दाबून दिली. म्हणाली, ही नाही, दुसरी.

८ मार्च
मेव्हणा घरी येऊन सगळं तपासून गेला. खोट्या कॉम्प्युटरमध्ये एकही व्हायरस नाही. खऱ्यात भरपूर. अँटिव्हायरस मी बंद केला तो बंदच राहिला होता. त्याने सगळं साफ केलं, व्हर्च्युअल मशीन काढून टाकलं. मावशी आता अख्खी दिसते.
तो निघताना आईने त्याच्याकडून गेमचा पासवर्ड बदलून घेतला. मला सांगायला तयार नाही. म्हणते, तू वजीर घालवतोस.
लग्नाआधी ती कॉलेजच्या टीममध्ये खेळायची, हे मेव्हण्यालाही माहीत होतं.
संध्याकाळी टिंग वाजली. दारात उभं राहून विचारलं, कोण जिंकतंय?
आई म्हणाली, मधे बोलू नकोस.