पाणी उतरायच्या आत

अहो,

जय भीम. तुमी गेल्यापासनं मनातल्या मनात रोज बोलते तुमच्याशी, पण आज बोलून भागंना म्हणून लिहायला बसले. धरणाचं पाणी उतरत चाललंय आन् आपल्या विहारासाठी आणलेली बुद्धांची मूर्ती अजून पलीकडच्या काठालाच पडलीय. अंगणातनं ती निळी ताडपत्री दिसते. बघवत न्हाई.

वस्तीपातूर गाडी येत न्हाई म्हणून तुमीच पुढं झाला व्हता ना? "तराफ्यावरनं मी आणतो मूर्ती," म्हणला व्हता. मूर्ती आली तवा तुमी न्हवता. आता वैशाखी पौर्णिमेच्या आधी काठाला चिखल उघडा पडंल, मग तराफा टेकायचा कुटं?

आपल्या लग्नानंतर तुमी पिठाची गिरणी आणली व्हती, आठवतंय? गाडीतनं उतरवताना माणसं घामाघूम झाली, आन् पाण्यावर तीच गिरणी तुमी एका बांबूनं ढकलत आणली. मी तोंडात बोटं घातली. तर म्हणला, "वजन पाणी धरतंय गं. आपण निस्ता तोल धरायचा."

तो तोल तुमच्या हाळीत व्हता. जड वस्तू तराफ्यावर चढायला लागली की तराफ्याखालची काठाकडची पिंपं दबायची, म्हणून तुमी आधीच माणसं पाण्याकडच्या टोकाला उभी करायचा, स्वतःबी त्यांच्यात. वस्तू जरा आत सरकली की हाळी द्यायचा, "हां, आता सरा." मग माणसंबी जरा आत. असं करत सगळी मधी यायची आन् तराफा परातीसारखा सपाट ऱ्हायचा.

काल तुमच्या धाकट्या भावानं, भाऊजींनी, आधी वाळूची पोती चढवून बघितली. एक म्हणतोय थांबा, दुसरा म्हणतोय सरा. सगळे एकदम आत धावले, काठाकडचं टोक बुडलं आन् पोती गेली पाण्यात. माणसं वाचली तेवढं बरं. भाऊजी डोक्याला हात लावून बसले. म्हणले, "वहिनी, पोत्यांचं काय न्हाई. पर हितं बुद्ध असते तर?"



असं कसं हो केलंत? एकालाबी शिकवलं न्हाई. विचारलं की म्हणायचा, "मी हाय की." कुटं हाय आता? एवढ्या पाण्यात कधी काय झालं न्हाई तुमाला, आन् दवाखान्याच्या खाटंवर तापानं गेलात. लय राग येतो तुमचा. मग रडू येतं.

मला तर तराफ्यावर पायबी ठेवू दिला न्हाई. "तू काठाला बस." बसले की. जन्मभर काठाला बसून तुमची हाळी ऐकली. कुटं थांबायचा, कुटं दम घ्यायचा, सगळं पाठ झालंय. आज सकाळी भाऊजींना तसं म्हणलं. सांजच्याला ते दारात आले, "वहिनी, उद्या या. दुसरं कोण हाय?"

मला भ्या वाटतंय. माझा आवाज तुमच्यावानी न्हाई, वारं सुटलं तर कुणाला ऐकूबी जायचा न्हाई. वस्तीनं पोटाला चिमटा काढून मूर्ती आणलीय. माझ्या एका चुकीनं ती धरणाच्या तळाला गेली, तर मी कुणाला तोंड दाखवू?

मूर्ती पोचंलच असं वचन मला देता येत न्हाई. एवढंच देते, उद्या मी काठाला बसणार न्हाई. तुमी उभं ऱ्हायचा त्या पाण्याकडच्या टोकाला उभी ऱ्हाईन आन् तितनं हाळी देईन. माझं चुकायला लागलं तर वरडा माझ्यावर, पयल्यासारखं. मी ऐकंन.

तुमचीच,
सुमन