गावातला पहिला स्टेंट

१२ जानेवारी, सकाळ
डॉक्टर म्हणाले, हार्टवाल्यानं मन मोकळं करावं. माझं मन चारचौघांत मोकळं करण्यासारखं नाही, म्हणून ही वही.
येडगावात ॲन्जिओप्लास्टी पहिली माझी, दिवाळीत. भेटायला अख्खं गाव लोटलं, ओट्यावर शहाळ्यांचा ढीग. महिना होतोय तोच साडू रखमाजीलाही ॲटॅक, वर स्टेंट! मी ट्रॅक्टर घेतला तेव्हाही यानं असंच केलं होतं.
संकल्प : तेलकट बंद, तंबाखू बंद, रोज धरणाच्या रस्त्यानं चालणं. उद्यापासून.

१५ जानेवारी
धुकं. चालणं रद्द. छातीला गारठा बरा नव्हे.
आमची मंगल म्हणाली, रखमाजी पावणं गेलं की मफलर गुंडाळून. धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं किती ते कौतुक!

२२ जानेवारी
चाललो! टपरीपर्यंत. भजी गरम होती. चाललेल्या माणसाला तेल बाधत नाही, हा स्वतःचा अनुभव.
रखमाजी समोरून झपाझप गेला. दाजी, बसलात का, दम लागला का, असं विचारत होता. मी नुसता हात केला. तोंडात भजी होती.

५ फेब्रुवारी
ग्रामपंचायतीत रखमाजीचा सत्कार. शाल, नारळ. कशाबद्दल? तर वजन उतरवलं, तंबाखू सोडली! वर हार्टवर भाषण.
अरे, जत्रेत शर्यतीच्या घाटात मानाचा बैलगाडा आधी पळतो, मग बाकीचे. इथं पहिला ॲटॅक कुणाचा? सरपंचाला तोंडावर विचारलं. तो म्हणाला, बाळासाहेब, तुमी आधी बसा बरं, घाम आलाय तुमाला.
डेअरीचा चेअरमन होतो मी. जळफळाट झाला, खोटं कशाला लिहू.
तंबाखू सोडली आहे. फक्त जेवणानंतर.

१७ फेब्रुवारी
तपासणीला दोघं साडू, दोघी बहिणी, एकाच गाडीत नारायणगावला. डॉक्टरनं रखमाजीची एक गोळी बंद केली. प्रेशर उतरलंय म्हणे. माझी एक वाढवली! उघड पक्षपात.
येताना त्याची बायको सारजा घरापर्यंत त्या गोळीचंच गात होती. मंगल खिडकीबाहेर बघत बसली. मला लई लागलं ते.

१८ फेब्रुवारी
तोडगा काढला. मीही एक कमी केली. उगीच नाही, विचार करून. पाकिटातली सगळ्यात बारकी. मोठ्या गोळ्या कामाच्या, बारकी नुसती भरतीची.
मंगलला सांगितलं, डॉक्टरचा फोन आला होता, माझीही एक बंद. तिनं देवापुढं साखर ठेवली. मग सारजाला फोन. किती मोठ्यानं बोलत होती! बऱ्याच दिवसांनी माझं नाव असं घेतलं तिनं.

१ मार्च
तब्येत झकास. रखमाजीकडं मासवडीचं जेवण. स्वतः ताक-भाकरी खात बसला, दाखवायला. मी रस्सा तर्रीसकट दोनदा ओरपला. गोळी कमी झालेल्या माणसानं भ्यायचं कशाला?
घरी आल्यावर थोडी जळजळ. ॲसिडिटी.

२ मार्च, पहाट
जळजळ डाव्या हातात उतरली आहे. ॲसिडिटी इतकी लांब जाते का? मंगलला उठवत नाही. उगीच गाजावाजा करील, आणि रखमाजीला कळेल.

६ मार्च, पुणे, हॉस्पिटल
मंगल उठलीच. पळत गेली ती रखमाजीकडंच.
दुसरा स्टेंट बसवला. नारायणगावचे डॉक्टर इथंही बघतात. त्यांनी विचारलं, गोळ्या चालू होत्या ना? मंगलनं पाकीट पुढं केलं, म्हणाली, ही बारकी तुमीच फोन करून बंद केली की. डॉक्टर म्हणाले, मी कुठं फोन केला? ती रक्त गोठू नये म्हणून होती म्हणे. तिच्याच जिवावर पहिला स्टेंट उघडा होता. मंगल सगळ्यांदेखत रडली. मी साखर ठेवली व्हती वो, एवढंच म्हणत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
आज गावची जीप आली. आता मला दोन स्टेंट, रखमाजीला एकच. लोकांनी शहाळी माझ्या उशाशी ठेवली आणि स्टुलं ओढून बसले रखमाजीपुढं. भाऊ, खायचं काय, चालायचं किती.
जाताना त्यानं बारकी गोळी माझ्या तळहातावर ठेवली, गिळेपर्यंत उभा राहिला. गिळली.
त्या पहाटे ॲम्ब्युलन्समध्ये लई घाबरलो होतो. मंगलला आता कोण, हेच डोक्यात. रखमाजीनं पुण्यापर्यंत माझा हात सोडला नाही. त्याची नाडी माझ्या बोटांना लागत होती. सावकाश, एकसारखी.
तिथंही लेकाचा माझ्यापेक्षा चांगला.